वृद्धांचे हार्ट फेल्युअर आणि डिस्चार्ज कार्डावर नसलेल्या तीन ओळी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील आरोग्यविषयक मजकूर मी नेमाने वाचते. हृदयाचा विषय निघाला की लिखाण बहुधा झटक्यापाशी, अँजिओप्लास्टीपाशी आणि कोलेस्टेरॉलपाशी येऊन थांबते. हृदयरोग विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केल्यावर मला ठामपणे वाटते की, सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या घरी ज्या आजाराची खडान्‌खडा माहिती असायला हवी, तो आजार म्हणजे दीर्घकालीन हार्ट फेल्युअर. झटक्याचा रुग्ण उपचार घेऊन घरी जातो आणि पुष्कळदा पुन्हा दिसत नाही. हार्ट फेल्युअरचे आजोबा किंवा आजी मात्र काही आठवड्यांतच तीच धाप आणि पायांवर तीच सूज घेऊन परत येतात. त्यांतल्या बऱ्याच खेपा टाळता येण्यासारख्या असतात. त्या टळत नाहीत याचे एक साधे कारण मला डिस्चार्ज कार्डात दिसते, म्हणून हे पत्र.

या कार्डावर तपासण्यांचे आकडे असतात, गोळ्यांची लांबलचक यादी असते आणि तळाशी ‘मीठ कमी, फेरतपासणीस यावे’ असा एक शेरा असतो. माझ्या मते त्यावर आणखी तीन ओळी ठळकपणे लिहिलेल्या असायला हव्यात. सूज पूर्ण उतरल्यावर, घरी जाण्याच्या दिवशी रुग्णाचे वजन किती होते, ही पहिली. वजन किती वाढले म्हणजे काय करायचे आणि कोणाला फोन करायचा, ही दुसरी. कोणत्या औषधाचा डोस अजून अपुरा आहे, तो कोण आणि कधी वाढवणार, आणि रक्ताची पुढची तपासणी केव्हा, ही तिसरी. या ओळी नसल्या की घरच्यांच्या हाती औषधे येतात, पण आजार सांभाळायचा कसा हे येत नाही.

हार्ट फेल्युअरमध्ये हृदय बंद पडत नाही. ते एक तर पुरेशा जोराने आकुंचन पावत नाही, किंवा ताठर झाल्यामुळे पुरेसे सैलावून भरत नाही. दोन्ही प्रकारांत मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तप्रवाह कमी पडतो, शरीरात पाणीच कमी झाले आहे असा त्यांचा समज होतो आणि ती मीठ व पाणी धरून ठेवू लागतात. तेच पाणी पुढे पायांत, पोटात आणि फुप्फुसांत साचते. इको तपासणीत हृदयाच्या आकुंचनाची टक्केवारी, म्हणजे ईएफ, 40 किंवा त्याहून कमी आली तर पहिला प्रकार समजतात. 50 किंवा अधिक असूनही लक्षणे आणि इतर पुरावे असतील तर दुसरा. हा दुसरा प्रकार वृद्धांमध्ये, विशेषतः अनेक वर्षे रक्तदाब असलेल्या स्त्रियांमध्ये, पुष्कळ आढळतो, आणि नेमका तोच सुटून जातो. ‘पंपिंग चांगले आहे, दम वयामुळे लागतो’ असे सांगून आजींना परत पाठवले जाते. अशा वेळी हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या एनटी-प्रोबीएनपी या रक्ततपासणीचा उपयोग होतो, मात्र वय वाढले, मूत्रपिंडे अशक्त झाली किंवा हृदयाचे ठोके अनियमित झाले तर हा आकडा एरवीही चढा असतो, आणि लठ्ठ व्यक्तींत तो फसवा कमी येतो, हे लक्षात ठेवून त्याचा अर्थ लावावा लागतो.

वृद्धांची लक्षणेही पुस्तकाबरहुकूम नसतात. गुडघ्यांमुळे जो माणूस घराबाहेर पडतच नाही, त्याला चालताना धाप लागते की नाही हे कळायचे कसे? म्हणून मी नातेवाइकांना नेहमी उशांबद्दल विचारत असे. पूर्वी एका उशीवर झोपणारे आता दोन घेतात का, मध्यरात्री उठून पलंगाच्या कडेवर बसतात का, अलीकडे खुर्चीतच डोळा लागतो का, वाकून चप्पल घालताना दम लागतो का, आडवे झाले की कोरडा खोकला सुरू होतो का. या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा थेट ‘दम लागतो का’ या प्रश्नापेक्षा खरी मिळतात. भूक मरणे आणि दोन घास खाताच पोट गच्च वाटणे हेही यकृत व आतड्यांना आलेल्या सुजेचे लक्षण असू शकते. कधी कधी तर माणूस एकाएकी गोंधळल्यासारखे बोलू लागतो, आणि घरचे लोक ते विसरभोळेपणावर ढकलतात.

आता वजनाविषयी. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त कामाचा हाच. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. वजन दोन-तीन दिवसांत वाढले तर ती चरबी नसते, ते पाणी असते. पायांवरची सूज डोळ्यांना दिसेपर्यंत शरीरात काही लिटर पाणी जमलेले असते. वजनकाटा ते काही दिवस आधीच सांगतो. तीन दिवसांत 2 किलोंहून अधिक वाढ झाली तर डॉक्टरांना कळवावे, असा सर्वसाधारण नियम आहे. वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, साधारण त्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर करावे. काटा सपाट फरशीवर भिंतीजवळ ठेवावा, म्हणजे तोल जाणाऱ्या माणसाला हात टेकता येतो, आणि आकडा तारखेसह वहीत लिहावा. ‘साधारण तेवढेच आहे’ या उत्तराचा काही उपयोग नाही. वजनापाठोपाठ नडगीच्या हाडावर अंगठा पाच अंक मोजेपर्यंत दाबून धरावा आणि उचलल्यावर खळगा राहतो का ते पाहावे. जो रुग्ण अंथरुणावरच असतो त्याचे पाय कोरडे दिसतात आणि सूज पाठीच्या खालच्या भागात, माकडहाडापाशी उतरलेली असते. तिथे कोणी पाहत नाही.

इथे एक खाचही सांगितली पाहिजे, कारण ती वृद्धांमध्येच विशेष येते. या आजारात महिनोन्‌महिने भूक कमी राहिली की दंड-मांड्यांचे स्नायू झडतात. स्नायूंचे दोन किलो गेले आणि पाण्याचे दोन किलो आले, तर काटा तोच आकडा दाखवतो आणि वहीत सगळे आलबेल दिसते. म्हणून सूज उतरलेल्या अवस्थेतले वजन एकदा लिहून कायमचे भागत नाही. दर फेरतपासणीला ते नव्याने ठरवून घ्यावे लागते. वजन स्थिर असूनही उशा वाढल्या असतील तर विश्वास उशांवर ठेवावा.

लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, हे या आजारातले सर्वांत परिचित आणि सर्वांत जास्त चुकवले जाणारे औषध आहे. ते का चुकवले जाते हे न विचारता रुग्णाला दटावणे मला कधीच पटले नाही. गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत वारंवार उठावे लागते, गुडघे साथ देत नाहीत, वाटेत कपडे ओले होतात आणि त्याची लाज कोणाजवळ बोलता येत नाही. मग लग्नाला जायचे म्हणून एक दिवस, बँकेत जायचे म्हणून दुसरा दिवस, अशी गोळी राहत जाते. त्यावर उपाय असतात. डॉक्टरांच्या संमतीने त्या दिवशीची गोळी बाहेरून आल्यावर घेता येते. दिवसाचा दुसरा डोस असेल तर तो संध्याकाळऐवजी दुपारी घेतल्याने रात्रीची ऊठबस, आणि तिच्यासोबत अंधारात पडण्याचा धोका, कमी होतो. पलंगाजवळ कमोडची खुर्ची किंवा भांडे ठेवणे हाही या आजाराच्या उपचाराचाच भाग मानायला हवा. ज्या रुग्णाची किंवा सांभाळणाऱ्याची समज चांगली आहे, त्याला वजन वाढल्यावर गोळी किती आणि किती दिवस वाढवायची हे आधीच लेखी देता येते. दुसरी ओळ मी मागते ती याचसाठी. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जुलाब, उलट्या किंवा तापात खाणेपिणे बंद पडले असताना हीच गोळी, आणि तिच्याबरोबरची आणखी काही औषधे, नेहमीसारखी चालू ठेवली तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अशा दिवशी काय थांबवायचे हेही आधी विचारून ठेवावे.

लघवीच्या गोळीने आराम पडतो, पण आयुष्य वाढवण्याचा पुरावा आहे तो इतर औषधांचा, निदान कमी ईएफच्या प्रकारात. 1987 साली तीव्र हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत एनालाप्रिल या औषधाने मृत्यू कमी होतात हे दिसले. हृदयाचे ठोके मंदावणारी आणि एके काळी या आजारात वर्ज्य मानलेली बीटा-ब्लॉकर औषधे 1999 पर्यंत उपचाराचा आधार बनली, आणि त्याच वर्षी स्पायरोनोलॅक्टोन या औषधाचा फायदा सिद्ध झाला. 2014 मध्ये सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन या संयुक्त गोळीने एनालाप्रिलला मागे टाकले. 2019 मध्ये मधुमेहाचे औषध म्हणून आलेले डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही उपयोगी ठरले, आणि 2021 मध्ये त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनने ईएफ चांगला असलेल्या रुग्णांच्या रुग्णालयातील खेपा कमी केल्या. या दुसऱ्या प्रकारात तोवर बहुतेक औषधांनी निराशाच केली होती, म्हणून ही बातमी वृद्ध स्त्रियांसाठी मोठी होती. ती घरोघर पोहोचली आहे असे मात्र दिसत नाही.

‘वय झाले आहे, जास्त औषधे नकोत’ हे वाक्य मी डॉक्टरांकडूनही ऐकले आहे आणि नातेवाइकांकडूनही. त्यामागे काळजी असते, पण परिणाम असा होतो की रुग्णालयात सुरुवात म्हणून दिलेला किमान डोस वर्षानुवर्षे तसाच चालू राहतो. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग-एचएफ या अभ्यासात, वय वर्षे 85 पर्यंतच्या रुग्णांना, घरी सोडल्यावर दोन आठवड्यांत औषधांच्या पूर्ण डोसापर्यंत नेऊन वारंवार तपासले गेले. 180 दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती होण्याचे प्रमाण त्या गटात सुमारे 15 टक्के होते, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत सुमारे 23 टक्के. अतिशय अशक्त, वारंवार पडणाऱ्या किंवा मूत्रपिंडे खूप बिघडलेल्या माणसाला हे वेळापत्रक जसेच्या तसे लावता येणार नाही, हे उघड आहे. पण चक्कर नसताना, केवळ रक्तदाबाचा वरचा आकडा 100 च्या आसपास दिसला म्हणून औषध बंद करणे हे सावधगिरीत बसत नाही. रक्तदाब बसून आणि मग उभे राहून, असा दोनदा मोजला तर खरी अडचण कोणाला आहे ते समजते.

डोस वाढवण्याइतकेच महत्त्व त्यानंतरच्या रक्ततपासणीला आहे, आणि याचा धडा इतिहासात नोंदलेला आहे. स्पायरोनोलॅक्टोनचा 1999 चा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात वृद्ध रुग्णांना ते औषध भराभर लिहून दिले जाऊ लागले, आणि त्याबरोबर रक्तातील पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढून भरती होणाऱ्यांची संख्याही झपाट्याने वाढली. म्हणून या गटातले औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहणे आवश्यक असते. क्रिएटिनिन थोडे वाढणे अपेक्षित असते आणि तेवढ्याने घाबरून सगळी औषधे थांबवू नयेत. पण ही तपासणी कोणत्या तारखेला आणि तिचा अहवाल कोण पाहणार, हे कार्डावर नसेल तर ती होत नाही. माझी तिसरी ओळ ती हीच.

पुन्हा भरती झालेल्या रुग्णाच्या पिशवीतली औषधे टेबलावर ओतून पाहण्याची मला सवय होती. पुष्कळ वेळा त्यात आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची पट्टी निघे. गुडघ्यासाठी ती गोळी कोणी तरी सुचवलेली असे, आणि ‘हृदयाच्या औषधांत तिचा उल्लेख कशाला करायचा’ म्हणून ती सांगितलेली नसे. या वेदनाशामक गोळ्या मीठ-पाणी अडवतात, लघवीच्या गोळीचा परिणाम कमी करतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने त्या स्वतःहून घेऊच नयेत. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित, पण पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळीत सोडियम बरेच असते. मधुमेहासाठीचे पायोग्लिटाझोन पाणी साठवते. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे विकले जाते त्यात पोटॅशियम असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा एनालाप्रिलसारख्या औषधांबरोबर ते घातक ठरू शकते. आरोग्यासाठी म्हणून आणलेली ही वस्तू कोणी औषधांच्या यादीत लिहीत नाही, म्हणून तिचे नाव मुद्दाम घेते. सर्व औषधांची एकच यादी असावी आणि ती हाडांच्या, डोळ्यांच्या, दातांच्या, प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी.

मिठाबद्दल मात्र मला सौम्यपणे बोलायचे आहे. जागतिक आरोग्य संघटना सर्वच प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते आणि ते पाळणेच अनेकांना जड जाते. खारवलेले आणि पाकीटबंद पदार्थ टाळले तरी बराच पल्ला गाठता येतो. त्याहून कडक निर्बंधाने मृत्यू किंवा भरती कमी होते का, हे 2022 च्या एका मोठ्या अभ्यासात तपासले गेले आणि तसा फायदा दिसला नाही. अळणी अन्न समोरून सारणाऱ्या वृद्धाचे उपासमारीने जे नुकसान होते, ते चिमूटभर मिठाच्या नुकसानीपेक्षा मोठे असू शकते. पाण्याचेही तसेच. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांत दीड लिटरची मर्यादा घालून विशेष लाभ दिसला नाही, उलट तहानेचा त्रास वाढला. रक्तातले सोडियम घसरले असेल किंवा अंगात पाणी भरलेले असेल तेव्हा डॉक्टर मर्यादा घालतात आणि ती पाळलीच पाहिजे, पण एकदा सांगितलेले माप कायमचे नसते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या तांब्यातून गुपचूप पाणी पिणारे आजोबा मी पाहिले आहेत. मर्यादा अजून लागू आहे का, हे त्या आठवड्यात कोणी विचारलेच नव्हते.

फ्लू आणि न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस घ्यावी, लोहाची कमतरता तपासावी. लोह कमी असलेल्या आणि ईएफ घटलेल्या रुग्णांना शिरेतून दिलेल्या लोहाने फायदा होतो, तोंडाने घेतलेल्या गोळ्यांनी तो दिसलेला नाही. व्यायामाबाबत बहुतेक घरांत ‘हृदय अशक्त आहे, पडून राहा’ असाच सल्ला मिळतो. 2021 च्या एका अभ्यासात, हार्ट फेल्युअरसाठी भरती झालेल्या वृद्धांना तोल, ताकद आणि चालणे यांचा बेताबेताने वाढवलेला सराव दिला असता तीन महिन्यांनी त्यांची हालचाल नक्कीच सुधारली. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे, हा त्यातला अगदी साधा आणि घरी करता येणारा सराव आहे. सूज उतरून प्रकृती स्थिर झाल्यावर तो सुरू करता येतो.

एक विषय आपल्याकडे टाळला जातो. ज्यांना आयसीडी नावाचे, धोकादायक ठोके ओळखून विजेचा झटका देणारे उपकरण बसवलेले असते, त्यांच्या अखेरच्या दिवसांत ते उपकरण झटके देऊ शकते. तो झटका बंद ठेवता येतो, त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही आणि पेसमेकरचे काम चालू ठेवूनही ते करता येते. याविषयी, तसेच पुन्हा अतिदक्षता विभागात जायचे की नाही याविषयी, माणूस शुद्धीवर आणि बऱ्या अवस्थेत असताना त्याला स्वतःलाच विचारायला हवे. त्रास कमी करण्यावर भर देणारी उपशामक सेवा नेहमीच्या औषधांबरोबरही देता येते; तिचे नाव काढले म्हणजे उपचार थांबवले असा अर्थ होत नाही. मुलांना हे बोलणे अवघड जाते, हे मी जाणते. वृद्धांना ते तितके अवघड जात नाही, असा माझा अनुभव आहे.

आपणांस एक विनंती आहे. आपल्या आरोग्य पुरवणीत कापून ठेवता येईल असा एक तक्ता छापावा: वर सूज उतरलेल्या अवस्थेतले वजन आणि फोन क्रमांक यांसाठी रिकामी जागा, खाली तारीख, वजन, उशा, सूज आणि त्या दिवशी चुकलेली गोळी यांचे रकाने. अक्षर मोठे ठेवावे, रकाने रुंद असावेत. तो भरणाराही पुष्कळदा सत्तरीचाच असतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका